मोरीवरचा चिरा

ऐका. आणि नीट बसून ऐका. शेकोटीत लाकडे सारखी ढोसू नका, धूर डोळ्यांत जातो आणि लक्ष उडते. भाताची रास राखायला खळ्यावर आलात, तेव्हा रात्र काढायचीच आहे. गोष्ट सांगते, पण एक अट आहे. मध्येच उठून कोणी घरी जायचे नाही. अर्धी गोष्ट ऐकून या अंधारात एकट्याने चालणे बरे नव्हे.

ही गोष्ट मी रचलेली नाही. दिगंबरने त्या पहाटे माझ्या ओट्यावर पडल्या पडल्या जे सांगितले, ते तसेच सांगते. जे मी स्वतः पाहिले, ते वेगळे सांगेन. दोहोंची सरमिसळ मला चालत नाही.

दिगंबर पोटकुळे आपल्या गवळदऱ्याचाच. बुधाजी पोटकुळ्याचा एकुलता एक मुलगा आणि माझा विद्यार्थी. अक्षर सुरेख, गणित चोख, स्वभाव उतावळा. खालच्या फाट्यापासून आपल्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता मंजूर झाला, तेव्हा तो मोजणीच्या कामावर लागला. गावाला केवढा आनंद! आजाऱ्याला डोलीतून न्यावे लागणार नाही, भात डोक्यावरून वाहावे लागणार नाही. मीही पेढे वाटले. रस्ता वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. हे लक्षात ठेवा.

पण रस्ता खाचरांमधून जायचा होता. आणि खाचरांच्या बांधांवर होते चिरे.

हौसा, तुझी नवी सून शहरातली आहे, तिच्यासाठी सांगते. चिरा म्हणजे गेलेल्या माणसाचा दगड. हातभर उंच, घडवलेला. वर उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्रकोर, खाली माणूस. ज्याने जे खाचर कसले, त्याचा चिरा त्याच खाचराच्या बांधावर, तोंड खाचराकडे करून. आवणीच्या दिवशी भाताच्या रोपांची पहिली मूठ त्याच्यासमोर लावायची, मग बाकीचे शेत. माणूस मेला तरी त्याचे शेत त्याच्या नजरेसमोर राहिले पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ.

"आणि चिरा हलवायचा झाला तर, बाई?"

तेच सांगते आहे, सावळेराम. वाक्य पूर्ण होऊ दे.

पुरात बांध फुटला की चिरा हलवावा लागतो. तेव्हा रक्ताच्या माणसाने तो खांद्यावर घ्यायचा. नव्या जागी खड्ड्यात उभा करीपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. मागे वळून पाहायचे नाही. आणि वाटेत प्रत्येक बांधाशी थांबून म्हणायचे, "बांध आला, पाय उचल." कारण ज्याचा चिरा, तो मागून चालत असतो. मेलेल्याला वाट दिसत नाही. त्याला सांगावे लागते. सांगितले नाही, तर दगड पुढे जातो आणि माणूस मागे राहतो. शेवटी खड्ड्यात मूठभर भात टाकायचे, चिरा उभा करायचा, नाव घेऊन म्हणायचे, "इथं बस." मग तो बसतो.

रस्त्याच्या आड असे एकवीस चिरे येत होते. शहरातून वारसा जतन करणाऱ्या एका समितीचे लोक आले. माणसे सज्जन होती. चष्मे लावून एकेका दगडापाशी गुडघ्यावर बसली, फोटो काढले, म्हणाली, "हा ठेवा खडीत जाता कामा नये." फाट्याजवळ तारेचे कुंपण घातले, त्यात चिऱ्यांसाठी एकवीस खड्डे घेतले, फलक लावला. चिरे तिकडे आणून उभे करण्याचे काम दिगंबरकडे दिले. दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले गेले. ज्याच्यावर आकडा, त्याचे नाव वहीत. आणि चार दिवसांवर उद्घाटन!

गावातली जुनी माणसे म्हणाली, "आमचे आम्ही खांद्यावरून नेतो. आठ दिवस दे."

दिगंबर म्हणाला, "चार दिवसांत पाव्हणे येणार. आठ कुठनं आणू? ट्रॅक्टर आहे की!"

"आन् हाळी कोण देणार? बांध आला म्हणून कोण सांगणार?"

"मामा, ट्रॉलीत बसल्यावर पाय कशाला उचलावा लागतो?"

सगळे हसले. हो, हसले! मीही तिथे होते. माझ्याही ओठांवर हसू आले, हे मी लपवणार नाही.

एका दुपारी वीस चिरे ट्रॉलीत पडले. कोणाचे नाव घेतले नाही, कोणाला हाळी दिली नाही. बुधाजीने मात्र बापाच्या चिऱ्याला हात लावू दिला नाही. पहार घेऊन बांधावर बसला. "माझा बाप ट्रॉलीत जाणार न्हाई. हरजी पोटकुळे हाय तो. गुडघा उतरला की मी खांद्यावर न्हेईन." त्याच्या गुडघ्याला सूज होती, त्याला उभे राहवत नव्हते. दिगंबरने बापाचा हट्ट मानला. हरजीचा चिरा सगळ्यांत वरच्या खाचरावर तसाच राहिला.

आणि आता जे सांगते, ते त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. मोरीपाशी, जिथे ओढ्यावर पाइप टाकले आहेत तिथे, ट्रॉलीला गचका बसला आणि एक चिरा खाली पडला. दोन तुकडे झाले. तो होता भिवराबाई डगळेचा. भिवराबाईला मूल नाही, दीर नाही, पुतण्या नाही. आवणी करता करता खाचरातच गेली होती बिचारी, हातात रोपांची मूठ तशीच. तिच्या चिऱ्याची चौकशी करायला कोण येणार? दिगंबरने इकडे तिकडे पाहिले. दोन्ही तुकडे मोरीच्या भरावात ढकलले. वर खडी पडली.

कुंपणात एकोणीस चिरे उभे राहिले. वहीत मात्र विसाव्या नावापुढेही खूण झाली.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. तिन्हीसांजेला निरोप आला की उद्या सकाळी यंत्र वरच्या खाचरात उतरणार. बुधाजी अंथरुणातून उठू लागला आणि कोसळला. मग त्याने मुलाचा हात धरला.

"दिगू, तू न्हे. आत्ता न्हे. सकाळी त्यो लोखंडी हात माझ्या बापाला उपटंल."

"नेतो, दादा. झोपा तुम्ही."

"खाली ठिवू नको."

"नाही ठेवत."

"मागं बघू नको. आन् बांधाशी सांग त्याला. सात बांध हायेत. लाजू नको, मोठ्यानं सांग."

दिगंबर निघाला. अंधार पडला होता. चंद्र नाही. हातात विजेरी, कमरेला भाताची पुरचुंडी, खांद्यावर पहार. अशा वेळी माणसाने सोबत घ्यावी की नाही? पण त्याला वाटले, कोणी पाहिले तर हसेल. ट्रॉलीवरून आपण हसवले होते, आता लोक आपल्याला हसतील! एवढ्यासाठी तो एकटा गेला.

वरच्या खाचरात पोचला. कापणी झालेली, पायाखाली सड. चिरा उकरला, खांद्यावर घेतला. जड होता, पण झेपत होता. पहिल्या बांधाशी आला आणि हळूच म्हणाला, "बांध आला, पाय उचल."

मागे सड मोडल्याचा आवाज झाला. चर्र. एक पाऊल.

तो घाबरला नाही. उलट त्याला बरे वाटले. लहानपणी याच आज्याच्या पाठीवर बसून तो हे बांध ओलांडत असे. दुसऱ्या बांधाशी जरा मोठ्याने म्हणाला, "बांध आला, आजा. पाय उचल."

चर्र. चर्र. दोन पावले.

एका माणसाची दोन, असे म्हणाल. नाही! दोन माणसांची. एक जड आणि एक लंगडते. हरजी लंगडा नव्हता. लंगडा होता धोंडू गभाले, ज्याचा चिरा परवा ट्रॉलीतून गेला होता.

तिसरा बांध. "पाय उचल." आणि मागे पाचसहा जणांचे पाय उठले! चौथा बांध, मग तर गणती नाही. कळले का काय झाले होते? दगड फाट्यावर गेले होते, पण माणसे खाचरांतच होती. दोन दिवस उभी. बांधाबांधावर वाट पाहत, कोणी हाळी देईल म्हणून. आणि आज दोन दिवसांनी पहिली हाळी ऐकू आली. ती त्यांच्यासाठी नव्हती, हे त्यांना कसे कळावे?

दिगंबरच्या खांद्यावरचा दगड जड होऊ लागला. दगडाला मागून कोणीतरी धरले होते. एकाने नव्हे. आंधळी माणसे जशी पुढच्याचा पदर धरतात, तशी ती एकेक करून दगडाला बोट लावत होती. मानेला ती बोटे लागत होती. ओली. चिखलाची.

"दिगू, आमचं खाचर कुठलं रं?"

"माज्या नावावर काय आकडा टाकलास, पोरा? मला वाचता येत न्हाई."

"कवाधरनं हुबा हाय. पाय भरून आलं."

त्याने पुढची हाळी दिली. पाचवा बांध, सहावा, सातवा. संपले! आता खाली रस्ता. पण पाऊल टाकले तर समोर आणखी एक बांध. आठवा! मग नववा. मग दहावा. विजेरी मारली, तर मार्गशीर्षातल्या कोरड्या खाचरात पाणी! पाण्यात हिरवी रोपे, नुकतीच लावलेली. त्याने ती खाचरे ओळखली. ही तर रस्त्याच्या भरावाखाली गाडलेली. त्यानेच दोरी धरून मोजली होती, त्यानेच चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. ती सगळी वर आली होती. पाय गुडघाभर चिखलात जात होता. बारावा बांध. पंधरावा. प्रत्येक बांधाशी हाळी द्यायची आणि मागे ती सगळी रांग पाय उचलणार. हाळी नाही दिली तर? एकदा त्याने नाही दिली. मागे धपकन कोणी पडले आणि एक म्हातारी कण्हली, "सांग की रं, बाबा. न्हाई दिसत आमाला." त्यानंतर त्याने एकही बांध चुकवला नाही. ओरडून ओरडून घसा बसला.

तोच पुढून आवाज आला. बुधाजीचा, त्याच्या बापाचा. "दिगू, दमलास. ठिव खाली घडीभर. मी घेतो."

खांदा फुटायला आला होता. हात सैल झाले. दगड घसरला... आणि त्याला आठवले की बापाला उभेसुद्धा राहवत नाही. त्याने दगड पुन्हा वर ओढला. पुढचा आवाज हसला आणि चिखलात बुडाला.

आणि एकदम पायाखाली खडी! रस्ता लागला होता. मागची पावले रस्त्याच्या कडेला थांबली. सगळी. सपाट रस्त्यावर बांध नाही. कुठे पाय उचलायचा ते त्यांना कळेना. फक्त एक जण तेवढा मागून आला, जड पावलांचा. हरजी. नातवाच्या खांद्यावरच्या आपल्या दगडामागून.

दिगंबर चालू लागला. फाटा दूर नव्हता. वाटले, सुटलो.

ऐकता आहात ना? आता मोरी आली.

मोरीवर एक बाई वाकली होती. आवणी करताना वाकतात तशी. गुडघ्याच्या वर खोचलेले लुगडे, कमरेला विळा. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने खडीत एकेक रोप लावत होती. रोपे मोडून पडत होती. ती पुन्हा उचलून लावत होती.

मान वर न करता म्हणाली, "माजा दगुड कुठं ठिवलास रं?"

दिगंबर म्हणाला, "कुंपणात आहे, भिवरा आजी. सगळ्यांबरोबर."

खोटे! मेलेल्या माणसाशीसुद्धा खोटे बोलला.

ती दिसेनाशी झाली. त्याने पाऊल उचलले, तर उचलेना. घोटे खडीत रुतले होते. आणि ती परत समोर! जवळ.

"तितं न्हाई."

"आहे, आजी. मागच्या रांगेत बघ."

गेली. आली. खडी त्याच्या गुडघ्यापर्यंत. "मागच्या रांगंत न्हाई."

"वहीत आहे! वीस नंबर, वहीत लिहिला आहे मी!"

गेली आणि आली. आता खडी कमरेपर्यंत. तिचे तोंड त्याच्या तोंडासमोर. डोळ्यांच्या जागी सारवल्यासारखा गुळगुळीत चिखल.

"वहीत कशी हुबी राहू रं मी?" असे म्हणाली. रागाने नाही. विचारल्यासारखे म्हणाली. मग त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, जशी आई लेकराच्या सोडते. कमरेचा विळा काढला. "तूच ऱ्हा मग. तोंड माज्या खाचराकडं हाय तुजं. चांगलं हाय."

आणि विळ्याच्या टोकाने त्याच्या छातीवर कोरू लागली! उजवीकडे सूर्य. सावकाश, गोल, पुरा. डावीकडे चंद्रकोर धरली. ओरडायला तोंड उघडले, तर जीभ दगडासारखी जड. पोटरीतली, मांडीतली जाणीव गेली होती. खाली आता माणूस कोरायचा राहिला, की झाले!

तेव्हा त्याने काय केले? तुम्ही काय केले असते? सांगा. नका सांगू. कोणीही तेच केले असते.

खांद्यावरचा चिरा त्याने पुढे खडीत टेकवला. उभा केला. कमरेची पुरचुंडी फाडून भात त्याच्या पायाशी टाकले आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाला, "भिवराबाई, इथं बस."

विळा थांबला. ती वळली. दगडाभोवती एक फेरी घातली, हाताने चाचपला, सूर्य पाहिला, चंद्र पाहिला. आणि बसली. दगडात पाणी मुरावे तशी.

दिगंबरचे पाय सुटले. तो पळाला. फाट्याकडे नव्हे, गावाकडे. आणि पळताना मागून, अगदी जवळून, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्या आवाजाच्या पाठीवर बसून तो लहानाचा मोठा झाला होता.

"आन् मी रं, दिगू?"

तो थांबला नाही.

येथपर्यंत त्याचे. येथून पुढे माझे.

पहाटे तो माझ्या ओट्यावर येऊन पडला. मी कंदील धरला. छातीवर उजवीकडे पूर्ण वर्तुळ, डावीकडे अर्धी कोर. रक्त सुकलेले. ब्लेडने एवढी गोल रेघ निघत नाही. मी शाळेत कंपास शिकवलेली बाई आहे. बुधाजीला निरोप पाठवला. काठी टेकत, भिंत धरत तो आला. सगळे ऐकून घेतले. रागावला नाही. एवढेच विचारले, "त्याला सांगून तरी आलास का? की तुजा दगुड दिला म्हणून?"

दिगंबर सदऱ्याच्या सुटलेल्या गुंड्या लावू लागला.

सकाळी आम्ही मोरीवर गेलो. हरजीचा चिरा खडीत उभा होता, वर्षानुवर्षे तिथेच असल्यासारखा. सहा माणसांनी ओढला, हलला नाही. यंत्राने दात लावला, दात मोडला. शेवटी कठड्याला तिथे बाक देऊन काम पुरे केले. मागची ती सगळी माणसे मात्र गावाने मार्गी लावली. अकरा रात्री, घराघरांतून एकेकाने कुंपणातला आपापला चिरा उचलून खाचरापर्यंत नेला आणि हाळी देत परत आणला. पहिल्या रात्री दिगंबर पुढे विजेरी धरून होता. त्याला कोणी हाकलले नाही. ते सगळे बसले. उद्घाटन पुढे ढकलावे लागले. समितीच्या लोकांनी विचारले, तेव्हा मीच त्यांना सगळे सांगितले. त्यातल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

हरजीला मात्र दगड उरला नाही. नवा घडवता येत नाही का, असे कोणी विचारेल. घडवला. उत्तम घडवला. बुधाजी तो खांद्यावर घेऊन मोरीपर्यंत गेला, बापाला हाका मारल्या. मागून पाऊल वाजले नाही. जो दगड आपला म्हणून पंधरा वर्षे बसायला होता, तो नातवाने डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिला. तो म्हातारा आता कोणाच्या खांद्यामागून येईल?

पण बुधाजीने सोडले नाही. रोज तिन्हीसांजेला काठी घेऊन त्या रस्त्यावर जायचा. पुढे चालायचा, मागे न बघता बोलायचा. "चल, दादा. रस्ता सपाट हाय. काय लागत न्हाई पायाला. चल." सबंध हिवाळा गेला. चैत्रात एका संध्याकाळी तो धावत माझ्याकडे आला. धावत! त्या गुडघ्याने! "बाई, आज वाजलं पाऊल! आज आला मागनं. मोरीपर्यंत आला. उद्या घरी आणतो."

दुसऱ्या दिवशी खडीचा डंपर खाली येत होता. चालक परगावचा, त्याला यातले काही ठाऊक नाही. पोलिसांपुढे त्याने जे सांगितले, ते मी कानांनी ऐकले. म्हणाला, "दोन म्हातारे होते, साहेब. पुढचा बाजूला झाला होता, मला जागा होती. मागचा रस्त्याच्या मधोमध थांबला आणि सपाट डांबरावर पाय एवढा उंच उचलून उभा राहिला, टाकीचना. मी हॉर्न दिला. तसा पुढचा मागं वळला आणि त्याला ओढायला धावला."

रस्त्यावर सापडला एकटा बुधाजी.

बुधाजीचा चिरा वरच्या खाचराच्या बांधावर बसायला हवा होता. तो बांध आता डांबराखाली आहे. दिगंबरने कुंपणात बसवून पाहिला. बसला नाही, दर पावसाळ्यात आडवा होतो. दिगंबर नोकरी सोडून दूर गेला आहे. आवणीला येतो, दिवसा येतो, दिवसाच जातो.

"पण बाई, यष्टी तर त्याच रस्त्यानं येती."

येऊ दे. दिवसा यष्टीने या, आजाऱ्याला त्याच रस्त्याने न्या, भात त्याच रस्त्याने विका. मी अडवत नाही. पण दिवस मावळल्यावर मोरीवरून पायी जायचे नाही. कोणीही नाही. शेवटची गाडी चुकली तर फाट्यावर झोपा. घाईच असेल तर ओढ्यातून, वरच्या जुन्या वाटेने या. तासभर जास्त लागतो, लागू दे. आणि चुकून सापडलातच त्या रस्त्यावर, तर दोन म्हातारे दिसतील. पुढच्याला मागचा सापडत नाही आणि मागच्याला पुढचा दिसत नाही. ते तुम्हाला काही करणार नाहीत. फक्त विचारतील, "आमच्या माणसाला पाहिलंस का?" दया येईल. फार दया येईल. उत्तर देऊ नका. थांबू नका. तिथे थांबलेल्या माणसाला मागून येणारी गाडी दिसत नाही.